आत्महत्येचे विचार येणाऱ्या मुलामुलींना गावातच मदत: आरोग्य केंद्रात काय विचारलं जावं, सुट्टीनंतर काय व्हावं

दहावी-बारावीचा निकाल, भरतीच्या यादीत न आलेलं नाव, लग्नावरून घरात चाललेली ओढाताण, मोबाइलवरून झालेलं भांडण. एखाद्या तरुण पोराने किंवा पोरीने जीवाचं काही बरंवाईट करून घेतलं की गावात चर्चा होते ती अशा कारणांची. त्याआधी तेच लेकरू डोकं दुखतं, पोटात दुखतं, झोप लागत नाही असं सांगत दवाखान्यात येऊन गेलं होतं, हे बऱ्याचदा नंतर लक्षात येतं. गोळ्या मिळाल्या, केस पेपर झाला, पण मनात काय चाललंय हे कुणी विचारलं नाही.

आत्महत्येचा विचार हा मदत केल्यावर ओसरू शकणारा विचार आहे आणि त्या मदतीचा मोठा भाग प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्राच्या पातळीवर होऊ शकतो. त्यासाठी दरवेळी मानसोपचारतज्ज्ञ लागतोच असं नाही. काय विचारायचं, धोका कसा ओळखायचा, घर सुरक्षित कसं करायचं, विष घेतलं असेल तर पहिल्या तासात काय करायचं आणि रुग्णालयातून सुट्टी झाल्यावर पाठपुरावा कसा ठेवायचा, याची माहिती पालक, शिक्षक, आशाताई आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी इथे एकत्र दिली आहे.

आत्ता लगेच मदत हवी असेल तर

टेली मानस: १४४१६. सरकारची ही मोफत सेवा चोवीस तास सुरू असते आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला त्रास होत असेल तर फोन करता येतोच, पण आई-वडील, मित्र, शिक्षक किंवा आशाताईही सल्ल्यासाठी फोन करू शकतात. जीवाला धोका असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यात महाराष्ट्राचा आकडा २२,७४६ होता आणि तो सर्व राज्यांत सर्वाधिक होता. देशातल्या एकूण आकड्यात १३,०४४ विद्यार्थी होते. मरण पावलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक १८ ते ३० या वयातले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगात दरवर्षी सात लाखांहून जास्त लोक आत्महत्येने मरतात आणि १५ ते २९ या वयोगटात मृत्यूच्या कारणांमध्ये आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे. प्रयत्न करणाऱ्यांची संख्या मृत्यूंपेक्षा कितीतरी जास्त असते. आधी एकदा प्रयत्न झालेला असणं हा पुढच्या धोक्याचा सर्वांत ठळक इशारा मानला जातो. म्हणून 'वाचलं बुवा, संपलं एकदाचं' असं म्हणून विषय सोडून देणं धोक्याचं ठरतं.

गावात यंत्रणा कोणती आहे

सपाट भागात साधारण ३० हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे पाच हजार आणि तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असा निकष आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आणि आरोग्य सेविका असतात, गावात आशाताई असते. त्याच्या वर तालुक्याचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा पातळीवर काम करतं. राज्यात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत.

आयुष्मान आरोग्य मंदिरांमध्ये द्यायच्या सेवांच्या यादीत मानसिक आरोग्याची प्राथमिक तपासणीही आहे. आशाताई घरोघरी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात गेल्या दोन आठवड्यांतल्या उदासीबद्दल आणि कशातच रस न वाटण्याबद्दल दोन प्रश्न असतात. गोम अशी, की हा फॉर्म मुख्यतः तिशीच्या पुढच्या लोकांसाठी आहे.

१० ते १९ वयातल्या मुलामुलींसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. मानसिक आरोग्य हा त्याच्या मुख्य विषयांपैकी एक आहे. त्याखालची किशोरवयीनांची क्लिनिक महाराष्ट्रात 'मैत्री' या नावाने ओळखली जातात. म्हणजे एकोणीसपर्यंत एक कार्यक्रम आणि तिशीनंतर दुसरा फॉर्म. मधली वीस ते तीस वयाची पोरं, म्हणजे भरतीची तयारी करणारी, नवीन लग्न झालेली, कामासाठी बाहेर जाऊन परत आलेली, या दोन्हींच्या मधून निसटतात. त्यांच्यासाठी दवाखान्यातली नेहमीची ओपीडी हीच गाठायची जागा उरते.

पोरं काय तक्रार घेऊन येतात

'मला मरावंसं वाटतंय' असं म्हणत ओपीडीत फारसं कुणी येत नाही. तक्रारी शरीराच्या असतात: सारखं डोकं दुखणं, छातीत धडधड, पोटात दुखणं, अंगात त्राण नसणं, चक्कर, झोप न येणं, भूक मेलेली. तपासण्या नॉर्मल येतात आणि तरी पेशंट पुन्हा पुन्हा येतो. अशा वेळी मनाची चौकशी व्हायला हवी.

घरच्यांनी आणि शिक्षकांनी लक्ष द्यावं अशा खुणा:

- 'मी नसलो तर तुमचं बरं होईल', 'आता काही दिवसच' असं बोलणं, किंवा स्टेटसला तसं टाकणं
- आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, अचानक सगळ्यांची माफी मागणं, निरोप घेतल्यासारखं वागणं
- मित्रांत जाणं, खेळणं, जेवणं सोडणं; शाळा-कॉलेज चुकवणं
- हातावर कापल्याच्या, भाजल्याच्या खुणा. उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे कपडे
- दारू किंवा इतर नशा वाढणं, विनाकारण भडकणं
- बरेच दिवस खूप अस्वस्थ असलेलं पोर एकाएकी अगदी शांत होणं

यातली एखादी खूण दिसली म्हणजे धोका आहेच असं नाही. पण दोन-तीन एकत्र दिसल्या, किंवा वागणं नेहमीपेक्षा एकदम बदललं, तर विचारायला हवं.

विचारलं तर डोक्यात भरवल्यासारखं होतं का?

सगळ्यात मोठी भीती हीच असते. आई-वडीलच काय, डॉक्टरही या प्रश्नाला बिचकतात. ही भीती खरी आहे का, हे तपासलं गेलं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आत्महत्येबद्दल थेट विचारलं त्यांचा त्रास वाढला नाही. उलट जी मुलं आधीच निराश होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांना विचारल्याने थोडं हलकं वाटल्याचं दिसलं.

तपासणीचे काही साधे नमुने उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने मुलं आणि तरुणांसाठी चार प्रश्नांची एक पद्धत तयार केली आहे. त्यांचा आशय असा: गेल्या काही आठवड्यांत आपण मेलो असतो तर बरं, असं वाटलं का? आपण नसलो तर घरच्यांचं बरं होईल असं वाटलं का? गेल्या आठवड्यात जीव देण्याचे विचार आले का? याआधी कधी तसा प्रयत्न केला होता का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर पाचवा प्रश्न: आत्ता, या क्षणी तसे विचार येताहेत का? हे सगळं विचारायला एक मिनिटही लागत नाही.

खरी कसोटी कसं विचारायचं याची असते. पोरासोबत आई, मामा, शेजारी असे तिघे-चौघे आत आलेले असतात आणि त्यांच्यासमोर पोर तोंड उघडत नाही. म्हणून सोबतच्यांना 'पाच मिनिटं बाहेर थांबा, वयात आलेल्या सगळ्याच मुलांशी आम्ही एकट्याने बोलतो' असं सांगून बाहेर बसवावं. मुलगी असेल तर सिस्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकारी ताई सोबत असावी. मग साध्या शब्दांत बोलावं:

"बाळा, महिन्याभरात तू तिसऱ्यांदा आलीस. झोप नाही म्हणतेस, जेवण नाही. एवढा त्रास असला की काही जणांना वाटतं, नको हे जगणं. तुला असं कधी वाटलं का?"

पोरगी गप्प बसली तर घाई करू नये. "हो ताई, वाटतं कधी कधी" असं ती म्हणाली, तर पहिला प्रतिसाद "बरं झालं सांगितलंस" असा असावा. 'वेडी आहेस का', 'आई-बापाचा विचार केलास का', 'एवढ्याशा गोष्टीसाठी?' या तीन वाक्यांनी दार बंद होतं आणि पुन्हा उघडत नाही. 'तू काही करून घेणार नाहीस ना?' असा प्रश्नही टाळावा, कारण त्याचं ठरलेलं उत्तर 'नाही' हेच असतं.

उत्तर 'हो' आलं तर

सगळ्यांना जिल्ह्याला पाठवणं हा उपाय नाही आणि कुणालाच न पाठवणं हाही नाही. धोका किती आहे ते पाहून पुढचं ठरतं.

*विचार येतात, पण बेत नाही, पूर्वी प्रयत्न नाही, घरी बोलायला कुणीतरी आहे:* आरोग्य केंद्रातच नीट बोलून घ्यावं, सुरक्षा आराखडा लिहावा, आठवड्याच्या आत पुन्हा बोलवावं. टेली मानसवरून समुपदेशकाशी तिथल्या तिथे बोलणं करून द्यावं.

*विचार वारंवार येतात, कसं करायचं याचा विचार केलेला आहे, किंवा पूर्वी प्रयत्न झालेला आहे:* त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासावं. घरच्या एका विश्वासू माणसाला सामील करून घ्यावं. काही दिवसांच्या आत मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवावी. नुसती चिठ्ठी न देता तारीख, जागा आणि सोबत कोण जाणार हे पक्कं करावं.

*आत्ता विचार येताहेत, बेत ठरला आहे, साधन हाताशी आहे, किंवा पेशंट भानावर नाही, नशेत आहे, कानात आवाज येतात असं सांगतो:* एक मिनिटही एकटं सोडू नये. संडासला जातानाही कुणीतरी सोबत असावं. १०८ बोलावून जिल्हा रुग्णालयात हलवावं आणि तिथे आधी फोन करून कळवावं.

नैराश्यावरची औषधं डॉक्टरांनी सुरू केली तर त्यांचा असर दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. लहान वयात पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता वाढते का, याकडे लक्ष ठेवावं लागतं. गोळ्या एकदम महिन्याभराच्या न देता थोड्या थोड्या द्याव्यात आणि घरात मोठ्या माणसाच्या ताब्यात ठेवाव्यात. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नयेत.

सुरक्षा आराखडा: एक साधा कागद

स्टॅन्ली आणि ब्राऊन या दोन अमेरिकन संशोधकांनी मांडलेली ही पद्धत आता अनेक देशांत वापरली जाते. पेशंटच्या सोबत बसून, त्याच्याच शब्दांत, सहा गोष्टी लिहायच्या:

१. विचार येऊ लागलेत हे मला कशावरून कळतं? (उदा. रात्री एकटं बसून जुने मेसेज वाचणं)
२. तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो? (आंघोळ, गाणी, पळायला जाणं, नामस्मरण)
३. मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा कोणत्या? (तालीम, पार, मैत्रिणीचं घर)
४. मनातलं कुणाला सांगू शकतो? (आत्या, मोठा भाऊ, सर; नाव आणि नंबर)
५. दवाखान्यातलं कोण? (डॉक्टर, आशाताई, १४४१६)
६. घर सुरक्षित करायला काय काय दूर ठेवायचं आणि ते काम कोण करणार?

कागदाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हा आराखडा आणि नंतरचे पाठपुराव्याचे फोन, अशी दोन्ही कामं एकत्र केली गेली. पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित कृतींचं प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. 'मी काही करणार नाही' अशी शपथ घेण्याने किंवा लिहून घेण्याने मात्र असा फायदा होत असल्याचं दिसलेलं नाही.

फवारणीची औषधं कुलपात

तरुण वयातले बरेच प्रयत्न रागाच्या किंवा दुःखाच्या एका लाटेत होतात. ती लाट काही मिनिटांची किंवा काही तासांची असते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. 'ज्याला करायचं तो करणारच' ही समजूत चुकीची आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. तिथलं आत्महत्यांचं प्रमाण १९९५ ते २०१५ या काळात सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं.

शेतकरी घरात फवारणीचं औषध पडवीत, गोठ्यात, कधी तर पलंगाखाली असतं. घरात एखादं पोर अस्वस्थ असेल तर ही औषधं घरातून हलवावीत. शेजारच्या किंवा भावकीतल्या विश्वासू माणसाकडे ठेवावीत, नाहीतर कुलपात टाकून किल्ली मोठ्या माणसाने स्वतःजवळ बाळगावी. गरजेपुरतंच आणावं, उरलेलं साठवू नये. घरातल्या उरलेल्या गोळ्यांचंही तेच. काही गावांत फवारणीची औषधं एकत्र कुलूपबंद ठेवण्याचे प्रयोग झाले आहेत. तामिळनाडूत असा प्रयोग झाला आणि गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातही शाळकरी मुलांचं प्रशिक्षण, आरोग्य कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण आणि औषधांची सामायिक साठवण असं एकत्रित काम झालं. ग्रामपंचायत किंवा विकास सोसायटीने मनावर घेतलं तर असं काही आपल्याकडेही करता येण्यासारखं आहे.

विष घेतलं असेल तर पहिला तास

- मीठ-पाणी, साबणाचं पाणी, ताक पाजून उलटी करायला लावू नका. त्याने फुप्फुसात जाऊन धोका वाढतो.
- बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, तोंडातला फेस पुसा.
- कपड्यांवर औषध सांडलं असेल तर कपडे काढा आणि अंग पाण्याने धुवा. आपल्या हाताला लागू देऊ नका.
- बाटली, डबा किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. डॉक्टरांना उपचार ठरवायला त्याची मोठी मदत होते.
- जवळच्या सरकारी रुग्णालयात तातडीने न्या. मांत्रिक, पाला, उतारा यात वेळ घालवू नका.
- 'थोडंच घेतलं', 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी ठेवू नका. काही विषांचा आणि काही गोळ्यांचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो.

अपघात किंवा पोलीस केस असली तरी आधी उपचार करणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे.

पोलीस केस होते का?

या भीतीपोटी अनेक घरं 'चुकून घेतलं' असं सांगतात, किंवा उशिरा नेतात. कायदा आता बदललेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. तिला काळजी, उपचार आणि पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेचं कलम ३०९ ठेवलेलं नाही. सरकारी कर्मचाऱ्याला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी किंवा त्याच्याकडून काही करून घेण्यासाठी असा प्रयत्न केला, तर तेवढाच तो कलम २२६ खाली गुन्हा आहे.

रुग्णालय विषबाधेची नोंद 'एमएलसी' म्हणून करतं आणि पोलीस जबाब घ्यायला येतात. ही नोंद म्हणजे पेशंटवर गुन्हा दाखल झाला असं नाही. जबाबात मारहाण, छळ किंवा लैंगिक अत्याचार समोर आला तर त्याची वेगळी कारवाई होते. अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने सगळ्यांवरच बंधनकारक आहे.

मानसिक उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क याच २०१७ च्या कायद्याने दिलेला आहे. पण जीवाला धोका असेल तर संबंधितांना सांगावं लागतं. ही मर्यादा मुलाला बोलणं सुरू करतानाच सांगावी: "तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जीवाला धोका वाटला तर तुझ्या आईला सांगावं लागेल, आणि ते तुला विचारून, तुझ्यासमोर सांगेन." असं आधी सांगितलं की विश्वास मोडत नाही.

सुट्टी झाली, आता पुढे?

आपल्याकडे साखळी तुटते ती इथे. पोट धुतलं, सलाइन लागलं, चार-पाच दिवस दवाखान्यात काढले, सुट्टी झाली. डिस्चार्ज कार्डावर आठ दिवसांनी दाखवा असं लिहिलेलं असतं. पोर घरी येतं ते त्याच घरात, त्याच कटकटीत, वर गावभर झालेली चर्चा. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात आणि नेमकं तेव्हाच यंत्रणेतलं कुणी जवळ नसतं.

हे बदलता येतं याचा चांगला पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, भारत (चेन्नई), श्रीलंका, इराण आणि चीन या पाच देशांत एक अभ्यास केला. आत्महत्येचा प्रयत्न करून तातडीच्या विभागात आलेले १,८६७ लोक त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय दोन गोष्टी मिळाल्या: सुट्टीच्या सुमारास साधारण एक तासाचं बोलणं आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा घरभेट. दीड वर्षानंतर, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात आत्महत्येने मृत्यूचं प्रमाण २.२ टक्के होतं, तर पाठपुरावा झालेल्या गटात ०.२ टक्के. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यासात सगळ्या वयाचे लोक होते, फक्त तरुण नव्हते. पण त्यात लागलेलं साधन होतं एक प्रशिक्षित माणूस, एक फोन आणि एक वेळापत्रक. कोणतंही महागडं यंत्र किंवा औषध त्यात नव्हतं.

त्या अभ्यासातलं भेटींचं वेळापत्रक असं होतं: सुट्टीनंतर पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. गरोदर बाईच्या तपासण्या, बाळाच्या लसी, क्षयरोग्याच्या गोळ्या यांचा पाठपुरावा आपली आरोग्य यंत्रणा तारखेवर करतेच. त्याच पद्धतीने ही नऊ नावं-तारखांची यादी ठेवता येते. त्यासाठी तालुक्याच्या रुग्णालयातून सुट्टी होताना त्या गावच्या आरोग्य केंद्राला फोन जायला हवा, पेशंटची किंवा पालकांची परवानगी घेऊन. हा एक फोन होत नाही म्हणून बाकीचं सगळं अडतं.

भेटीत विचारायचं काय? झोप-जेवण कसं आहे, विचार परत आले का, आराखड्याचा कागद कामी आला का, घरात काय चाललंय, पुढची तारीख कोणती. दहा मिनिटं पुरतात. घरभेट गाजावाजा न करता व्हावी. आशाताई लसीकरणाच्या निमित्ताने आली तरी चालतं. तिने शेजाऱ्यांसमोर हा विषय काढू नये.

आपल्या भागातही असं काम झालेलं आहे. अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या ३० गावांत 'विश्राम' हा प्रकल्प राबवला गेला. गावातले प्रशिक्षित कार्यकर्ते, समुपदेशक आणि वर मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी त्यात होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' प्रकल्पातून गावातल्याच लोकांना त्रासात असलेल्यांशी बोलायला, त्यांना धीर द्यायला शिकवलं गेलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी राज्य सरकारचा 'प्रेरणा' प्रकल्पही आहे.

अडचणी कुठे आहेत

अडचणी आहेत. देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही आणि जे आहेत ते बहुतांश शहरांत. आरोग्य केंद्रात एकट्याने बोलायला वेगळी खोली नसते. ओपीडीत शंभर पेशंट असताना पाच मिनिटं एका पोरासाठी काढणं सोपं नाही. आशाताईंवर आधीच कामांचा आणि रजिस्टरांचा डोंगर आहे. हे काम त्यांच्यावर टाकायचं तर प्रशिक्षण, मोबदला आणि अडलं तर विचारायला वर माणूस, हे तिन्ही द्यावं लागेल. केंद्र सरकारने २०२२ मध्ये राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केलं आणि २०३० पर्यंत आत्महत्येने होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट ठेवलं. ते उद्दिष्ट गाठायचं की नाही, हे शेवटी तालुक्याच्या पातळीवर ठरणार आहे.

घरच्यांनी, शाळेने आणि गावाने काय करावं

*पालकांनी:* निकालाच्या दिवशी पोराला एकटं सोडू नका. नापास झालं तरी पुरवणी परीक्षा असते, हे निकालाआधीच त्याच्या कानावर घाला. प्रयत्नातून वाचलेल्या पोराला 'आमची अब्रू घालवलीस' म्हणू नका. त्याला चोवीस तास प्रश्नांच्या भडिमाराखाली ठेवू नका, पण एकटंही ठेवू नका.

*शाळा-कॉलेजने:* बोर्ड परीक्षेच्या काळात मंडळाकडून समुपदेशकांचे नंबर जाहीर होतात, ते फळ्यावर लावा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असायला हवा. आपल्या शाळेत तो आहे का, हे पालक सभेत विचारता येतं. परत आलेल्या मुलाला वर्गात खास वागणूक नको आणि टोमणेही नकोत.

*गावाने:* घटना घडली की फोटो, चिठ्ठी, व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवू नका. तपशील पाहून दुसऱ्या अस्वस्थ मुलावर परिणाम होऊ शकतो. भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये अशा बातम्यांसाठी नियम स्वीकारले आहेत: पद्धतीचं वर्णन नको, चिठ्ठीचा मजकूर नको, एकच कारण चिकटवणं नको. पत्रकारांसाठी जे लागू, ते गावच्या ग्रुपलाही लागू समजावं.

आरोग्य केंद्रात गेल्यावर काय मागावं

१. मुलाशी एकट्याने बोलण्यासाठी वेळ आणि आडोसा
२. सुरक्षा आराखडा कागदावर लिहून
३. वरच्या रुग्णालयात पाठवत असतील तर तारीख, जागा, आणि तिथे आधी फोन
४. सुट्टीनंतरच्या भेटींच्या तारखा आणि कोण संपर्क ठेवणार त्याचं नाव
५. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाशी जोडून देणं

मानसिक आरोग्याची सेवा मिळणं हा २०१७ च्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे हक्क आहे. त्यामुळे हे मागताना संकोच करायचं कारण नाही. केंद्रात त्या दिवशी कुणी भेटलं नाही, तर तिथूनच १४४१६ ला फोन लावावा आणि बोलणं सुरू करावं.